साथ करणाऱ्यांनी बँड काढायचा तर

पाच पक्के सेशन वादक, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला स्टुडिओत साथ करणारे, एका खोलीत आणून बसवा. पहिल्या अर्ध्या तासात जे ऐकू येईल ते एरवीच्या बँडला दोन वर्षं तालमी करूनही साधत नाही. ठेका घट्ट, सूर चोख, गाणं सुरू एकदम आणि बंदही एकदम. तरी या पाच जणांचा बँड होईलच याची खात्री देता येत नाही, आणि वाजवण्यात काही कमी असतं म्हणून नव्हे. सेशनला पट्टी कुठली, लय किती, गिटारनं कुठे थांबायचं, कुठला टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) ठेवायचा हे सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. वादकाचं काम एवढंच की ठरलेलं ते तासाभरात, कुरकुर न करता, देखणं करून द्यायचं. बँडमध्ये ते ठरवणारा माणूसच नसतो. मग पाचही जण सभ्यपणे "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि गाणं जागचं हलत नाही.

माणसं जमतात कशी

असे बँड जाहिरात देऊन जमत नाहीत, दोन सेशनच्या मधल्या रिकाम्या वेळात जमतात. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत १९६२ साली तिथले नेहमीचे वादक दुसऱ्याच एका गायकाच्या रेकॉर्डिंगला आले होते. हाताशी वेळ उरला, त्यात सहज वाजवलेलं टेपवर घेतलं गेलं आणि बुकर टी. अँड द एम.जी.ज् हा बँड उभा राहिला. लॉस एंजेलिसमधला बेक्ड पोटॅटो हा क्लब १९७० मध्ये डॉन रँडी या सेशन पियानोवादकानंच काढला. न्यू यॉर्कच्या मिकेल्स क्लबात स्टीव्ह गॅड, रिचर्ड टी, एरिक गेल, कॉर्नेल डुप्री, गॉर्डन एडवर्ड्स ही मंडळी 'स्टफ' या नावानं वाजवत. दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्यांत लपून राहिलेल्या हातांना रात्री मोकळं सोडायची ही ठिकाणं होती. बँड काढायचा विचार असेल तर पहिली पायरी हीच: महिन्यातून दोनदा कुठलाही हेतू न ठेवता एकत्र वाजवा आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी कोण आपणहून येतंय ते बघा.

सेशनवाल्यांच्या रॉक बँडचं सर्वांत ठळक उदाहरण टोटो. जेफ पोर्कारो, डेव्हिड पेच, स्टीव्ह पोर्कारो आणि स्टीव्ह ल्युकेथर हे लॉस एंजेलिसच्या ग्रँट हायस्कूलचे. १९७६ मध्ये बॉझ स्कॅग्ज या गायकाच्या गाजलेल्या अल्बमवर पेच, जेफ आणि बास वाजवणारा डेव्हिड हंगेट एकत्र होते. पुढच्याच वर्षी बँड झाला, १९७८ मध्ये पहिला अल्बम आला. गायक मात्र त्यांना बाहेरून आणावा लागला, बॉबी किंबॉल. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. सेशनच्या जगात ड्रमर, बास, गिटार, कीबोर्ड यांची ओळख आपोआप होते. मुख्य गायक त्या वर्तुळात नसतोच, कारण तो गिऱ्हाईक असतो. त्यामुळे चार वादक झटपट जमतात आणि गायकाची जागा वर्षभर रिकामी राहते, किंवा घाईनं भरली जाते आणि मग पुन्हा पुन्हा भरावी लागते.

दुसरं उदाहरण लेड झेपलिन. जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स दोघेही साठच्या दशकात लंडनच्या स्टुडिओंत सतत वाजवणारे, एकमेकांना तिथूनच ओळखणारे. १९६८ मध्ये पेजनं आधी टेरी रीड या गायकाला विचारलं; त्यानं नकार देताना रॉबर्ट प्लँटचं नाव सुचवलं आणि प्लँटमुळे ड्रमर जॉन बोनम आला. म्हणजे चौघांत दोन स्टुडिओचे, दोन स्टेजचे. मला विचाराल तर हेच प्रमाण सर्वांत चांगलं. टोटोवर समीक्षकांनी वर्षानुवर्षं ठेवलेला ठपका असा की वाजवतात झकास, पण बँडला चेहरा नाही. तो ठपका पुरता न्याय्य नाही, पण तो कुठून येतो ते कळतं. सगळेच साथीला सरावलेले असतील तर पुढे येऊन उभं कोण राहणार?

तेव्हा माणसं मोजताना वाद्यं मोजू नका, कामं मोजा. गाणं लिहिणारा निदान एक हवा. टोटोत तो भार सुरुवातीला मुख्यतः पेचवर होता. लोकांसमोर उभं राहायला आवडणारा एक हवा. फोन, तारखा, पैसे बघणारा एक हवा, आणि तो गाणी लिहिणारा नसलेला बरा. ही तीन कामं अंगावर घेणारे तीन जण नसतील तर पाच उत्तम वादक असूनही तुमच्याकडे बँड नाही, दर्जेदार जॅम आहे, म्हणजे काही न ठरवता जमून वाजवणं. (जॅम वाईट नसतो. फक्त त्याला बँड म्हणून तिकीट लावू नये.)

पहिली परीक्षा ड्रम आणि बासची

बाकीच्यांना घरी ठेवा. ड्रमर आणि बासिस्ट दोघांनी एकच साधा ठेका ७० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ७० ठोक्यांना, १० मिनिटं वाजवायचा. क्लिक (कानात वाजणारी लयीची टिकटिक) नाही, फिल (ठेक्यामधली भरतीची तुकडी) नाही, बासवर दोन बारची, म्हणजे दोन आवर्तनांची, एकच ओळ. रेकॉर्ड करा. ७० इतकी कमी लय मुद्दाम, कारण तिथे दोन ठोक्यांमध्ये सुमारे ८५७ मिलिसेकंदांची पोकळी असते आणि त्या पोकळीत माणूस काय करतो ते लपत नाही. १२० ला सगळेच बरे वाटतात.

ऐकताना दोन गोष्टी तपासा. लय ७० वरून ७२ वर गेली असेल आणि दोघं मिळून गेले असतील तर काळजी नको, कारण रॉकमध्ये तेवढी उसळी चालते. एक पुढे ओढतोय आणि दुसरा मागे धरतोय असं असेल तर ते सेशनला क्लिकच्या आधारावर झाकलेलं दुखणं आहे, स्टेजवर ते उघडं पडेल. दुसरी गोष्ट, बासचा सूर किक ड्रमच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्याआधी पडतो की नंतर. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवले की दिसतं. बास प्रत्येक वेळी १५ मिलिसेकंद मागे पडत असेल तर ती त्या जोडीची ढब आहे, तिला हात लावू नका. एकदा १५ पुढे, एकदा १५ मागे असं असेल तर मात्र दोघं एकमेकांना ऐकत नाहीयेत, दोघंही मनातल्या क्लिकला ऐकतायत. सेशनवाल्यांमध्ये हा दोष हमखास सापडतो आणि चार-सहा बैठकांत जातोही, फक्त क्लिक बंद ठेवायला हवी.

हेडफोन काढल्यावर

स्टुडिओत प्रत्येकाच्या कानात इंजिनिअरनं बांधून दिलेला मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचं जुळवलेलं मिश्रण, असतो. तालमीच्या खोलीत तो नसतो आणि याचा त्रास अनुभवी वादकांना नवख्यांपेक्षा जास्त होतो. आवाज हवेतून मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. बासचा अँप (आवाज वाढवणारा स्पीकरचा डबा) ड्रमपासून ६ मीटरवर असेल तर ड्रमरला बास १७-१८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. वर सांगितलेल्या परीक्षेत पास झालेली जोडी अशा खोलीत नापास होते आणि दोष एकमेकांना देते. बासचा अँप ड्रमच्या हायहॅटच्या (झांजांच्या जोडीच्या) बाजूला, दोन मीटरच्या आत ठेवा. गिटारचे अँप जमिनीवर नकोत. गुडघ्यावर आदळणारा आवाज वाजवणाऱ्याला कमी वाटतो म्हणून तो वाढवत जातो आणि समोरच्याचे कान फुटतात. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका कलवा, स्पीकर कानाकडे वळला पाहिजे. व्हॉल्यूम आपोआप निम्म्यावर येतो.

खोलीचा आवाज ठरवायची पद्धत एकच मानतो. आधी गायकाचा माईक वाढवत न्या, शिट्टी मारायला लागेल त्याच्या जरा अलीकडे थांबवा. ही झाली छताची उंची. मग ड्रमर त्या आवाजाखाली राहून वाजवेल, बास ड्रमखाली, गिटार आणि कीबोर्ड त्यांच्या खाली. उलट क्रमानं, म्हणजे गिटारपासून सुरुवात केली, तर गायकाला पहिल्या दिवसापासून ओरडावं लागतं आणि तिसऱ्या आठवड्यात घसा बसतो. १०० वॅटचा अँप ५० वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही, फरक फक्त ३ डेसिबलचा. दुप्पट मोठा वाटायला दसपट ताकद लागते. तेव्हा १५ ते ३० वॅटचा ट्यूब अँप खोलीला भरपूर.

कानांबद्दल थोडक्यात. सुरक्षित मर्यादा म्हणून ८५ डेसिबलला आठ तास धरतात आणि दर ३ डेसिबलनं वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात, आणि ड्रम असलेल्या खोलीत १०० सहज गाठले जातात. खालच्या-वरच्या सगळ्या सुरांचा आवाज सारखाच कमी करणारे वादकांचे इअरप्लग मिळतात, ते वापरा. ज्या कानांवर सेशनची पोटपूजा चालते ते बँडच्या तालमीत घालवणं परवडणारं नाही.

गाणं वाचायचं नाही, बसवायचं

सेशन वादक चार्ट, म्हणजे गाण्याची मांडणी लिहिलेला कागद, समोर ठेवून पहिल्या टेकला गाणं उत्तम वाजवतो आणि दारातून बाहेर पडता पडता विसरतो. ती त्याची सोय आहे. रोज चार गाणी डोक्यात साठवली तर पाचवं कुठे ठेवणार? बँडमध्ये हीच सवय आडवी येते. वाचून वाजवलेलं गाणं दर वेळी तेवढंच चांगलं होतं, जास्त चांगलं होत नाही. म्हणून नियम करा: पहिल्या दोन तालमींना चार्ट, तिसऱ्या तालमीला स्टँड खोलीबाहेर. तिसरी तालीम भयंकर होईल. ब्रिज (गाण्याच्या मधला वेगळा तुकडा) विसरला जाईल, कोणीतरी कोरस (ध्रुवपद) चार बार आधीच सुरू करेल. होऊ द्या, कारण त्याच दिवशी पहिल्यांदा माणसं एकमेकांकडे बघू लागतात.

चार्ट लिहायचाच तर सुरांच्या नावांनी न लिहिता आकड्यांनी लिहा. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत रुजवली आणि पुढे चार्ली मॅकॉय यांनी ती सगळीकडे नेली. सरगम येणाऱ्याला ती समजवावी लागत नाही: सा कुठेही धरा, १ म्हणजे सा वरचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), ४ म्हणजे म वरचा, ५ म्हणजे प वरचा. गायक म्हणाला की आज अर्धा स्वर खाली घेऊ, तर कागद तोच राहतो. आणि गायक हे म्हणणारच. गिटारवाल्यांना ई आणि ए मध्ये मोकळ्या तारा मिळतात म्हणून ते पट्टी ठरवून मोकळे होतात आणि गायकाला ती निभावावी लागते. पट्टी गायकाची. त्याचा आरामात लागणारा सर्वांत वरचा सूर शोधा आणि गाण्यातला सर्वांत वरचा सूर त्याच्या निदान एक पूर्ण स्वर खाली ठेवा. स्टुडिओत एक गाणं दुपारी ताज्या गळ्यानं गायचं असतं. कार्यक्रमात तेच दहावं असतं.

तीन तासांच्या तालमीत तीन गाणी. त्यापेक्षा जास्त घेतली की सगळ्यांना सगळं येतं आणि काहीच बसत नाही. बारा गाण्यांना या हिशेबानं चार तालमींची एक फेरी, आणि कार्यक्रमाआधी निदान दोन फेऱ्या.

आता खरी गोम. उत्तम वादकांच्या बँडमध्ये गाणं भरून जातं. प्रत्येकाचं वाजवणं सुंदर, म्हणून कोणाला थांब म्हणवत नाही. बासच्या खालच्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, गिटारच्या खालच्या ई चा ८२ चा. कीबोर्डवाल्याचा डावा हात याच पट्ट्यात फिरायला लागला की बास ऐकू येत नाही, बासवाला आवाज वाढवतो, मग किक बुडतो. बास वाजत असताना कीबोर्डचा डावा हात कीबोर्डच्या मधोमधच्या सी च्या, म्हणजे मिडल सी च्या, फार खाली जायला नको. एकट्या पियानोवर वाजवायची सवय असलेल्यांना हे शिकायला महिने लागतात. दोन गिटार असतील तर दोघांनी एकच कॉर्ड एकाच जागी धरायचा नाही: एक खाली मोकळ्या तारांवर, दुसरा सातव्या फ्रेटच्या आसपास तीन तारांवर किंवा कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून. गिटारचा ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज मिक्सरवर कापून टाका. एकट्यानं वाजवताना गिटार बारीक वाटेल, बँडमध्ये नाही.

यावर सर्वांत कामाची कसरत म्हणजे वजाबाकीची तालीम. गाणं पूर्ण वाजवा, रेकॉर्ड करा. मग एकेकानं पाळीपाळीनं एक अंतरा गप्प बसायचं, बाकीचे वाजवतील. पाच जण, पाच वेळा. ऐकताना ज्याच्या गैरहजेरीत काही हुकल्यासारखं वाटलं नाही त्याचा त्या जागेचा भाग काढून टाकायचा. कोणाचा ते रेकॉर्डिंगच सांगतं, त्यामुळे वाईटपणा कोणाकडे येत नाही. दुसऱ्या कोरसपर्यंत एखादं वाद्य मुळीच नसेल तर ते आलं की छत उचललं जातं. सगळं पहिल्या बारपासून असेल तर उचलायला काही उरत नाही.

निर्णयाबद्दलही इथेच बोलतो, कारण भांडणं तालमीतच होतात. प्रत्येक गाण्याला एक मालक ठेवा, बहुधा ते आणणारा. बाकीच्यांनी सूचना करायच्या, वाद झाला तर दोन्ही प्रकार वाजवून रेकॉर्ड करायचे, दुसऱ्या दिवशी ऐकायचे, आणि मग मालक ठरवेल. तोंडी चर्चा पाच मिनिटांवर गेली की थांबवा. सेशनवाले बोलण्यात सावध असतात, नाही म्हणायची त्यांना सवय नसते. पाच मिनिटांनंतर ते हो म्हणतात आणि मनातून गाणं सोडून देतात. हे उघड भांडणापेक्षा वाईट.

कागद

सेशनला बहुधा पैसे ठरलेले, एकदाच, आणि पुढे त्या गाण्यावर हक्क नाही. बँडमध्ये दोन वेगळे हक्क तयार होतात आणि बरेच अनुभवी वादकही त्यांची गल्लत करतात. एक रचनेचा: चाल आणि शब्द. दुसरा रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा. गाणं दुसऱ्या कुणी गायलं तरी रचनेचे पैसे येत राहतात. मास्टरचे फक्त तुमचं रेकॉर्डिंग वाजलं तर.

अडचण अशी: गिटारवाल्यानं सेशनच्या सवयीनं सहज एक रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) टाकली, तीच गाण्याची ओळख झाली. रचना कोणाची? सेशनमध्ये उत्तर सोपं होतं, ज्यानं पैसे दिले त्याची. बँडमध्ये उत्तर त्याच संध्याकाळी कागदावर उतरवलं नाही तर तीन वर्षांनी वकील उतरवतात. एक रस्ता म्हणजे सगळ्यांत समान वाटा. द डोअर्स या बँडनं तो धरला होता. दुसरा, मला जास्त पटणारा: रचनेचा अर्धा भाग लिहिणाऱ्यांचा, उरलेला अर्धा सगळ्या बँडचा. पाच जणांत दोघांनी लिहिलं असेल तर त्या दोघांना प्रत्येकी २५ टक्के लिहिण्याचे, वर १० टक्के बँडमेंबर म्हणून, म्हणजे ३५. बाकी तिघांना १०-१०. बेरीज शंभर. लिहिणाऱ्याला लिहावंसं वाटतं आणि बाकीच्यांना दुसऱ्याच्या गाण्यावर मेहनत घ्यावीशी वाटते. निव्वळ लिहिणाऱ्यालाच सगळं दिलं तर अल्बमवर कोणाची किती गाणी यावर मारामारी सुरू होते आणि चांगलं गाणं मागे पडतं.

मास्टरमध्ये सगळ्यांचा समान वाटा ठेवा. त्याच कागदावर आणखी चार ओळी हव्यात: नाव कोणाच्या मालकीचं, सोडून जाणाऱ्यानं किती दिवस आधी सांगायचं (६० दिवस ठीक), जुन्या रेकॉर्डिंगमधला त्याचा वाटा चालू राहील पण नव्यात नाही, आणि सामायिक पैशातून घेतलेलं सामान कोणाचं. कार्यक्रमाच्या पैशातून आधी पाचवा हिस्सा बँडच्या खात्यात, मग वाटप. हे सगळं पहिल्या कमाईच्या आधी. कमाई शून्य असताना सगळे उदार असतात.

तारखा

असे बँड मोडतात ते बहुतेक कॅलेंडरवर. सेशनला आज बोलावलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर उद्या दुसरा कोणी जातो, आणि परवाही तोच जातो. म्हणून सेशन सोडून या असं कोणाला सांगू नका, ते टिकत नाही. टोटोच्या मंडळींनीही सोडलं नव्हतं. १९८२ मध्ये त्यांचा चौथा अल्बम आला, ज्याला पुढच्या वर्षी अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं, आणि त्याच वर्षीच्या मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'वर ल्युकेथर, पेच आणि दोघं पोर्कारो वाजवत होते.

चालतं ते असं: आठवड्याचे ठरलेले दोन अर्धे दिवस बँडचे, त्यावर सेशन घ्यायचंच नाही. कार्यक्रमाची तारीख एकदा पक्की झाली की तिला हात नाही. कच्ची असेल तर ती कधीपर्यंत पक्की होईल ते कळवायचं, आणि त्या दिवसापर्यंत झाली नाही तर सगळे मोकळे. सेशनच्या जगात बदली वादक पाठवणं ही सभ्यता आहे. बँडमध्ये बदली चालेल की नाही ते आधीच ठरवा. तालमीला अजिबात नाही, कार्यक्रमाला वर्षातून दोनदा, रेकॉर्डिंगला कधीच नाही, असं काहीतरी. गायकाची बदली मात्र नाही. त्या दिवशी कार्यक्रम रद्द.

रेकॉर्डिंगला उलटा धोका

इथे सगळे आपापल्या घरी आल्यासारखे होतात आणि तीच पंचाईत. क्लिक, एकेकाचा ट्रॅक, पंच-इन (चुकलेला तुकडाच पुन्हा वाजवून बसवणं), साफसफाई. चार दिवसांत निर्दोष अल्बम तयार होतो आणि तो कोणाचाही असू शकतो. लेड झेपलिनचा पहिला अल्बम लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत सुमारे ३६ तासांच्या कामात झाला, पण त्याआधी ते स्कँडिनेव्हियात कार्यक्रम करून आले होते आणि गाणी हातात बसली होती. दोन स्टुडिओतले वाघ असूनही त्यांनी स्टुडिओत जायच्या आधी स्टेज गाठलं. पाच-सात कार्यक्रमांत वाजवून झाल्याशिवाय गाणं रेकॉर्ड करू नका. ब्रिज लांबलाय हे लोकांसमोर दुसऱ्या वेळी कळतं, स्टुडिओत कळत नाही.

बेसिक ट्रॅक ड्रम, बास, गिटार, कीबोर्ड एकत्रच घ्या. माणसं एका खोलीत, अँप दुसऱ्या खोलीत किंवा जाड आडोशामागे. अँप त्याच खोलीत ठेवले तर गिटारचा आवाज ड्रमच्या माईकमध्ये शिरतो आणि मग गिटारची चूक एकट्यानं दुरुस्त करता येत नाही, जुनी चूक ड्रमवर टांगलेल्या माईकमधून ऐकू येत राहते. एकाच खोलीत घ्यायचंच असेल तर माईक आपल्या वाद्यापासून १ फूट असताना शेजारचा माईक त्याच्यापासून निदान ३ फूट ठेवा. क्लिक हवी तर पहिल्या चार बारपुरती, लय कानात बसली की बंद. पूर्ण गाणं क्लिकवर घ्यायचं ठरलं तर निदान अंतरा ९६ आणि कोरस ९८ असा नकाशा बनवा. गाण्याला पाच टेक, जास्त नाही. सेशन वादकाचे सातवा-आठवा टेकही बिनचूक येतात, म्हणूनच ते फसवतात. दुसऱ्या-तिसऱ्यातली धार त्यांत नसते. पाचात झालं नाही तर दुसरं गाणं घ्या, उद्या परत या. आणि टेक निवडताना चुका मोजू नका. ड्रमरनं एक फिल जरा धसमुसळी टाकली आणि सगळे त्यामागे ओढले गेले, असा टेक ठेवायचा.

स्टेज

पाऊण तासात नऊ-दहा गाणी. दर गाण्यानंतर मिनिटभर ट्यूनिंग केलं तर दहा मिनिटं गेली, म्हणजे दोन गाणी गेली. वेगळ्या ट्यूनिंगची गाणी एकापाठोपाठ ठेवा किंवा दुसरी गिटार तयार ठेवा. बोलायचं कोणी ते ठरलेलं असू द्या. एरवी पाच जण ट्यूनरकडे बघत उभे राहतात. स्टुडिओत आणायचे ते वीस पेडल (पायानं चालवायची, गिटारचा आवाज बदलणारी खोकी) घरी ठेवा. पेडल वाढले की जोड वाढतात आणि आवाज गेला की शोधायचं कुठे? मधली केबल काढून साखळीचे दोन भाग करा, अर्ध्यात दोष नसेल तर उरलेल्याचे पुन्हा दोन. सोळा जोडांत चार तपासण्यांत सापडतो. पण त्याआधी गिटार सरळ अँपमध्ये लावून गाणं पूर्ण करा.

एक फोल्डर पहिल्या दिवसापासून बनवत राहा. प्रत्येक गाण्याचा आकड्यांतला एक पानाचा चार्ट, लय, गायकाची पट्टी, गिटारचं ट्यूनिंग, कीबोर्डचे आवाज कुठल्या नंबरला साठवलेत ते, शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, आणि प्रत्येक वाद्य वगळून केलेले मिक्स. वर्षातून दोनदाच चालणारा तो बदली वादक शुक्रवारी फोन आल्यावर शनिवारी स्टेजवर उभा राहतो तो याच्या जोरावर. एखाद्या गाण्याचा ब्रिज बदलला की चार्ट बदलायचं काम त्या गाण्याच्या मालकाचं, त्याच रात्री.